अण्णांचे बरे दिवस

"ताई, डॉक्टरांचं चुकलं तर नसेल ना गं?" हे विचारताना तू आवाज अगदी खाली आणतेस, जणू अण्णा बरे असावेत असं वाटणं हाच काही अपराध आहे. तो अपराध नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की, आपल्याकडे साठीपुढच्या माणसांत ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यातल्या ज्यांचं निदान झालं, त्यांच्या घरात कुणी ना कुणी हाच प्रश्न उशाला घेऊन झोपतं. सासूबाईंच्या वेळी मीही झोपले आहे. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले. फोनवर मागे अण्णा असतात, मावशी, म्हणजे तुझी आई, असते, मोकळं बोलता येत नाही.

तू सांगितलास तो रविवारच घेऊ. अण्णा आपले आपण उठले, दाढी केली, पेपर वाचला. नातवाला समोर बसवून पावकी, निमकी असे पाढे म्हणत औटकीपर्यंत गेले, एकदाही अडखळले नाहीत. मग कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला, तर ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट, पुढचे कित्येक दिवस अंगणात घातलेली अंथरुणं, कुणाच्या घराची कुठली भिंत आली, सगळं सगळं सांगितलं. आणि तू स्वयंपाकघरात जाऊन रडलीस. असा माणूस आजारी असेलच कसा, असं तुला वाटलं.

त्या दिवशी अण्णांनी केलं ते सगळं खरंच होतं, त्यात काही खोट नाही. पण ते कुठल्या काळातलं होतं ते बघ. औटकी लहानपणी घोकलेली आणि नंतर मास्तर म्हणून उभ्या नोकरीत पोरांकडून घोकून घेतलेली. भूकंप ऐन तरुणपणी अंगावर आलेला. अल्झायमर्समध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बहुधा लवकर झिजायला लागतो, आणि नवी आठवण साठवून घेण्याचं काम त्याचं. जुनं, हजारदा घोटलेलं, हाताच्या सवयीत मुरलेलं असतं ते पुष्कळ काळ टिकून राहतं. त्यामुळे दाढी जमते, भीमरूपी तोंडपाठ येते, पण आपण जेवलो की नाही ते सांगता येत नाही. त्याच रविवारी जेवण झाल्यावर अण्णांनी "पानं कधी घ्यायची?" म्हणून तीनदा विचारलं, हे तू बोलता बोलता एका वाक्यात सांगून गेलीस. औटकीबद्दल मात्र किती वेळ बोलत होतीस! डॉक्टरांचं लक्ष त्या तीनदा विचारलेल्या प्रश्नावर असतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' तू बघितला नसशील तर बघ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यांनी त्यात अल्झायमर्स झालेले संस्कृतचे पंडित उभे केले आहेत. मुलीची ओळख निसटत चाललीय आणि संस्कृत मात्र जिभेवर आहे. अण्णांची औटकी त्याच जातीची.

डॉक्टरांनी ती तीस गुणांची तपासणी केली होती, आठवतंय? आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा. ही एमएमएसई नावाची तपासणी १९७५ पासून जगभर वापरतात. अण्णांनी वजाबाक्या धडाधड केल्या. गणिताचे मास्तर ते, करणारच. थोड्या वेळाने ते तीन शब्द विचारले, तर एकही आला नाही. शिकलेल्या, बोलक्या माणसाची बेरीज अशा तपासणीत बरी दिसू शकते, म्हणून डॉक्टर नुसत्या गुणांवर जात नाहीत. घरच्यांना विचारतात की पैशांचा हिशेब, औषधं, रस्ता, स्वयंपाक, कपडे, यांतलं दोन वर्षांपूर्वी काय जमत होतं आणि आता काय जमेनासं झालंय. निदान त्या उतरणीवरून होतं, त्यामुळे एका चांगल्या रविवारने ते पुसलं जात नाही.

आणखी एक गोष्ट मी सासूबाईंच्या वेळी जवळून पाहिली. चारचौघांत त्या फार छान वागायच्या. पुतण्याच्या मुलीच्या बारशाला त्यांनी अख्खा पाळणा म्हटला, शेवटच्या कडव्यापर्यंत. सगळ्या बायका गहिवरल्या. घुगऱ्या वाटताना चुलतसासूबाई मला म्हणाल्या, "हिला काय झालंय? तुम्हीच आपल्या गोळ्या घालता." त्या बोलण्याचा घाव किती दिवस राहिला, ते सूनच जाणे. आणि घरी आल्यावर सासूबाई आपल्याच घरात उभ्या राहून मला हळूच विचारत होत्या, "या लोकांकडे मोरी कुठंय गं?" दोन तास चारचौघांत नीट वागायला त्यांची सगळी शक्ती लागली होती, आणि दुसरा अख्खा दिवस त्या झोपून होत्या.

डॉक्टरांच्या खोलीतही असंच होतं. माणूस सावरून बसतो, हसतो, "वयानुसार चालायचंच साहेब" म्हणतो. प्रश्न आला की बायकोकडे मान वळवून "अगं सांग ना" म्हणतो, आणि बायको भाबडेपणाने सांगून टाकते. मावशीला पुढच्या वेळी थोडं मागे बसायला सांग. अण्णा "मला काही झालेलं नाही" म्हणतात तो हट्ट आहे असंही समजू नकोस. आपल्याला काय येईनासं झालंय हे ओळखणारी जाणीवच या आजारात जाऊ शकते. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरोखर तसं दिसतं.

मग बरा दिवस येतो कुठून? मेंदूचा जो भाग शाबूत आहे, तो रात्री झोप नीट झाली, पोट साफ झालं, पाणी पुरेसं प्यायलं गेलं, घर शांत असलं, काही दुखत नसलं की आपलं काम चांगलं करतो. यातलं काही बिघडलं की तोच भाग दमतो. बऱ्याच जणांचं संध्याकाळी पाच-सहानंतर बिनसतं. म्हणून एक वही कर. वाईट दिवसांची नको, सगळ्याच दिवसांची. झोप किती, शौचाला झालं का, कोण आलं होतं, कुठली गोळी नवी सुरू झाली, किती वाजता गोंधळ वाढला. मी अशी वही ठेवली तेव्हा सासूबाईंच्या निम्म्या वाईट दिवसांच्या मागे बद्धकोष्ठ सापडलं. सांगायला किरकोळ वाटतं, पण त्यावर उपाय होता.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. एका-दोन दिवसांत एकदम बिघडलं, माणूस भ्रमल्यासारखा बोलायला लागला किंवा नुसता गुंगीत पडून राहिला, तर "आजार वाढला" म्हणून घरी बसायचं नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, छातीतला कफ, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम उतरणं, नवीन औषध, असं काहीतरी त्यामागे असू शकतं. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी तापही येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

आता तुझ्या शंकेकडे येते, कारण काही शंका रास्त असतात. हे निदान अण्णा दवाखान्यात भरती असताना किंवा मोठ्या आजारपणातून उठल्या उठल्या झालं असतं, तर मीच तुला पुन्हा तपासून घे म्हटलं असतं. आजारपणातला भ्रम आणि स्मृतिभ्रंश यांची गल्लत होऊ शकते. बी-१२ आणि थायरॉईड बघितलं का, हे फाईलमध्ये शोध. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही. कानाने कमी ऐकू येतं का? ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही, तो उत्तर काय देणार? झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, लघवीवरच्या काही गोळ्या म्हातारपणी डोकं जड करतात. अण्णा काय काय घेतात ते सगळं, मेडिकलमधून परस्पर आणलेलंसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओत. मन खचलं असेल तरी माणूस स्मृतिभ्रंशासारखा दिसू लागतो. पडल्यानंतर काही आठवड्यांनी डोक्यात हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल झाली आणि लघवीवरचा ताबाही गेला, तर मेंदूतलं पाणी वाढलेलं असू शकतं. यांतल्या काही गोष्टींवर इलाज आहे. म्हणून दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं किंवा मनोविकारतज्ज्ञांचं मत जरूर घे. फाईल, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट आणि ती वही घेऊन जा. पहिल्या डॉक्टरांना राग येईल ही भीती सोड. मात्र हे एकदा नीट कर आणि उत्तर आलं की ते मान्य कर. दर चांगल्या दिवसानंतर नवा डॉक्टर शोधायचा, असं नको.

चढउतार फारच मोठे असतील तर आणखी एक प्रश्न डॉक्टरांना मुद्दाम विचार. लेवी बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आहे. त्यात असे टोकाचे चढउतार हे आजाराचंच लक्षण असतं. आज माणूस लख्ख, उद्या पार हरवलेला. दिवसा पेंग येते, रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसा दोन-दोन तास झोपतो, बराच वेळ शून्यात बघत बसतो, मध्येच बोलणं तुटक होतं. कोपऱ्यात मुलं किंवा जनावरं दिसतात, झोपेत माणूस ओरडतो, लाथा झाडतो, चाल मंदावते. अण्णांना झोपेत ओरडायची सवय आहे, असं मावशी मागे एकदा सहज म्हणाली होती. ते सांगून ठेव. या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी शांत करायची औषधं फार घातक ठरू शकतात. रात्री-अपरात्री कुठल्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना हे आधी कळायला हवं.

एवढं सगळं लिहिलं, पण माझ्या मनाला खरी लागून राहिली आहे ती मावशी. तू म्हणालीस, रविवारी अण्णांनी सदऱ्याची बटणं आपली आपण लावली आणि मंगळवारी बाहीत डोकं अडकवून उभे राहिले. तेव्हा मावशी ओरडली, "परवा बरं येत होतं! मला छळायला मुद्दाम करताय." त्या ओरडण्याचं मूळ रविवारच्या आनंदातच आहे. बऱ्या दिवशी "यांना काही झालेलं नाही" असं मनाने धरलं की वाईट दिवशी दुसरा अर्थच उरत नाही: माणूस सोंग करतोय, आळस करतोय, अंत बघतोय. मनातली ती शंका चांगल्या दिवशी आशेसारखी वाटते आणि वाईट दिवशी राग होऊन बाहेर पडते. त्यात मावशीच्या मनात जुनं पुष्कळ साठलेलं आहे, तुला ठाऊक आहे. अण्णा तसे कडकच. तिला आयुष्यभर जे बोलता आलं नाही, ते आता बटणांच्या निमित्ताने बाहेर येतंय. आणि रात्री ती त्यांचे पाय चेपत रडत बसते.

म्हणून मी निदानाला धरून राहायला सांगते आहे. निदान मान्य केलं की अण्णा या आरोपातून सुटतात, आणि मावशीही सुटते. काल येत होतं ते आज येत नाही, हेच या दुखण्याचं रूप आहे, हे तिला तू नको, डॉक्टरांकडून सांगव. मुलीचं ऐकताना तिला वाटतं की तू अण्णांची बाजू घेतेस. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची 'एल्डरलाइन' आहे, फोनला पैसे पडत नाहीत. मार्ग विचारायला आणि नुसतं मन मोकळं करायलाही तिथे बोलता येतं. तिला एकदा तो नंबर लावून दे आणि तू खोलीबाहेर जा.

बऱ्या दिवशी एक मोह आवर. अण्णांची परीक्षा घेऊ नकोस. "हे कोण, ओळखा बघू?" "काल काय खाल्लं, सांगा?" येणारा प्रत्येक पाहुणा हेच करतो आणि अण्णांचा चेहरा पडतो. उत्तर चुकलं हे विसरलं जातं, पण अपमान झाला ती भावना तासन्‌तास राहते. पाहुण्याचं नाव आपणच आधी घ्यावं: "अण्णा, धाकटे काका आलेत पुण्याहून." बास, पुढचं ते सांभाळून घेतात.

आणि बरं दिसतंय म्हणून कुठली व्यवस्था सैल करू नकोस. स्कूटरची किल्ली परत द्यायची नाही, एकट्याने पेन्शन काढायला पाठवायचं नाही, मोबाईल हातात असेल तर ओटीपी विचारणारे फोन त्यांच्यापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. सगळ्यात आधी गोळ्यांचं. डोनेपेझिलसारखी गोळी आजार थांबवत नाही, पण काही जणांना काही काळ तिची मदत होते. तो बरा रविवार थोडासा त्या गोळीचाही असू शकेल. "आता बरे आहेत" म्हणून ती आपल्या मनाने बंद केली तर घसरण होऊ शकते, आणि पुन्हा सुरू केल्यावर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारून.

मग बऱ्या दिवसाचं करायचं काय? एक काम असं आहे जे फक्त बऱ्या दिवशीच होऊ शकतं, आणि ते आपल्याकडे सगळे टाळतात. आपल्या कायद्याला हे बरे दिवस पूर्वीपासून ठाऊक आहेत. १८७२ च्या करार कायद्याचं बारावं कलम म्हणतं की, एरवी मन ठिकाणावर नसलेला माणूस, ते ठिकाणावर असेल तेव्हा करार करू शकतो. १९२५ च्या वारसा कायद्यातलं एकोणसाठावं कलम मृत्युपत्राबद्दल तेच सांगतं. म्हणजे अण्णांना घराचं, शेताच्या तुकड्याचं काय करायचंय हे त्यांच्याच तोंडून ऐकायची वेळ अजून गेलेली नाही. वकिलांशी आधी बोलून कागद तयार ठेव. ज्या दिवशी अण्णा लख्ख असतील त्या दिवशी त्यांना शांतपणे वाचून दाखव, त्यांना पटलं तरच सही, दोन साक्षीदार, आणि शक्यतो त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला. बँकेतलं नामनिर्देशन, मावशीचं नाव खात्यात जोडणं, हेही उरकून घे. पुष्कळांना वाटतं, मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. पण करून देणाऱ्याचं मनच ठिकाणावर राहिलं नाही की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. पुढच्यासाठी काय सोय करता येईल हे वकिलांना विचार. आणि हे करताना दादाला अंधारात ठेवू नकोस, नाहीतर पुढे भावाबहिणीत कायमचा दुरावा येईल.

बाकीचा वेळ मात्र नुसता त्यांच्याबरोबर घालव. सकाळच्या वेळी संगम माहुलीला घाटावर घेऊन जा, गर्दी नसेल अशा दिवशी. जुना अल्बम काढ आणि फोटोतल्या माणसांची नावं त्यांच्याकडून मागे लिहून घे, पण ते आपण होऊन सांगतील तेवढीच. त्यांचा आवाज फोनवर भरून ठेव. दिवस चांगला आहे म्हणून तो पाहुण्यांनी भरून टाकू नकोस, दोन तासांनी त्यांना पडू दे. आणि हा माणूस परत आला असं वाटून तुला भरून आलं तर येऊ दे. परत येणं आणि पुन्हा दूर जाणं, हे किती वेळा होईल ते कुणी सांगू शकत नाही. दर वेळी रडू येईल. ते आवरायची गरज नाही, अण्णांसमोरसुद्धा नाही. तुझं दुःख त्यांना कळतं, कारण नाही कळलं तरी. सासूबाई माझं नाव विसरल्यानंतरही माझे डोळे पुसायच्या.

आता दादाचं. "माझ्याशी तर किती छान बोलतात, तुम्ही दोघी घाबरट आहात," असं तो परदेशातून म्हणतो आणि तुला रात्रभर झोप येत नाही. तो खोटं बोलत नाही. त्याच्या वाट्याला अण्णांच्या आठवड्यातली सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं येतात, तीही रविवारी सकाळी, दाढी-आंघोळ झाल्यावर. त्याला पटवायला तू फोनवर वाद घालू नकोस, वाईट दिवसाचे व्हिडिओही पाठवू नकोस. अण्णांना ते आवडलं नसतं. तो दिवाळीला येतोय. पहिले दोन दिवस अण्णा त्याला उत्तम दिसतील, तेव्हा गप्प राहा. तिसऱ्या दिवशी मावशीला घेऊन माझ्याकडे कऱ्हाडला ये, एक रात्र राहायला. मावशीची बॅग मी येऊन भरीन, नाहीतर ती निघायचीच नाही. गोळ्यांच्या वेळा, मोरीतला रात्रीचा दिवा, गॅसचा खालचा कॉक, दाराची वरची कडी, हे सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला लाव. अण्णांजवळ तो एकटा थांबेल, आणि अडलं तर त्याने तुला नाही, मला फोन करायचा. हे मी त्याला आजच कळवते.